सुकटवालीची जागा

आमच्या घराला दोन वास होते. आत सुकटीचा आणि बाहेरच्या खोलीत हायपोचा. सुकट आईची. महाडहून घाट चढून येणाऱ्या एसटीच्या टपावर तिची पोती यायची. बोंबील, जवळा, सोडे, कधी बांगडा. ती उतरवून घ्यायला आई स्वतः स्टँडवर जायची, कारण हमालानं पोतं आपटलं की बोंबलाचा भुगा होतो आणि भुगा कुणी घेत नाही. हायपो, म्हणजे फोटो धुवायचं औषध, मामाचं. मामा आईचा धाकटा भाऊ. मार्गासनीला शेतीत मन रमेना म्हणून भोरला बहिणीकडं राहायला आला, पुण्यात कुणाच्या तरी हाताखाली फोटोचं काम शिकला आणि आमच्याच बाहेरच्या खोलीत पडदा लावून त्यानं स्टुडिओ थाटला. जिन्याखालची अंधारी जागा डार्करूम झाली. वडील भाटघरच्या धरणावर कामाला, पाळी असेल तसे घरी यायचे, आणि आले की दारातच म्हणायचे, "आधी कंचा वास घिऊ, सांगा."

जेवण साधंच. तांदळाची नाहीतर ज्वारीची भाकरी आणि बोंबलाचं लालभडक कालवण, त्यात एखादं वांगं किंवा बटाटा. आई बाजारच्या दिवशी पहाटे जवळा भाजायची. तव्यावर तो तडतडला की आख्खी आळी जागी व्हायची. शेजारच्या बायका भिंतीपलीकडून ओरडायच्या, "अगं, वाटीभर हिकडं बी पाठव!" माझ्या शाळेतल्या काही मुली मात्र माझ्या शेजारी बसायला कां कूं करायच्या. त्याचं मला वाईट वगैरे वाटलं नाही. ऐसपैस बाक मिळायचा.

मी दहावीनंतर मामाच्या हाताखाली काम करायला लागले. पासपोर्ट फोटो काळे-पांढरे असत आणि ते मामा घरीच धूत असे. गिऱ्हाइकाला फॉर्मसाठी फोटो उद्याच्या उद्या हवा असायचा, त्यामुळं रोल पुरा भरायच्या आतच धुवायला काढावा लागायचा. शेवटच्या पाच-सहा फ्रेम मोकळ्या राहायच्या. मामा कॅमेरा माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "जा, रोल संपवून ये." कशावर संपवायचा ते तो सांगत नसे. मी बाहेर पडायचे आणि रस्त्यावर संपवायचे.

भोरमध्ये तेव्हा फोटो तीन कारणांनी निघायचा. लग्न, नोकरी आणि मरण. त्यामुळं कॅमेरा दिसला की माणूस हात खाली सोडून ताठ उभा राहायचा, चेहरा दगडासारखा करायचा, जणू त्याच फोटोला पुढं हार घालायचा आहे. मला तसा फोटो नको असायचा. मला न्हाव्याच्या पुढ्यात मान वाकवून बसलेला म्हातारा हवा असायचा. स्टँडवर पोराचं नाक पदरानं पुसता पुसता कंडक्टरशी भांडणारी बाई हवी असायची. त्यासाठी मी कॅमेऱ्याची काच पुसत बसायचे. पुसून पुसून लोक कंटाळले, माझ्याकडं बघायचे थांबले, की दाबायचं बटन. मिरच्यांच्या ढिगाचा फोटो काढला तर हौसाबाई म्हणाल्या, "मिरच्यांचा फोटू? का गं, मिरच्या मेल्या का काय?"

हौसाबाई भाटघरकडच्या. माळवं घेऊन यायच्या आणि बाजारात आईच्या शेजारी बसायच्या. राजवाड्याकडून नदीकडं उतरणाऱ्या एका गल्लीत ही ओळ होती. बायकांची जागा कुठं लिहिलेली नव्हती, कुणी आखून दिलेली नव्हती. प्रत्येकीचा एक दगड होता. बसायचा सपाट दगड, वर्षानुवर्षं बसून गुळगुळीत झालेला. आठवडाभर तो तिथंच पडलेला असायचा, त्यावर पोरं खेळायची, कुत्री झोपायची, पण कुणी हलवत नसे. जिचा दगड तिची जागा. आईला तिचा दगड तिच्या आधी तिथं बसणाऱ्या म्हातारीनं दिला होता, आणि तो मिळावा म्हणून आई तिचं पोतं कितीतरी बाजार उचलत होती. डोंगरातली माणसं वर्षातून दोन-चारदाच भोरला येत. पावसाळ्याआधी आगोटीची सुकट भरून न्यायला तर नक्कीच. ती माणसं नाव विचारत येत नसत. चिंचेखालच्या दगडावरची सुकटवाली, एवढीच त्यांना खूण. आमचं वर्ष त्या पावसाआधीच्या बाजारांवर चालायचं.

ओळीच्या मागं कापडवाल्या शेटचं दुकान होतं. शेट वाईट बोलत नसत. वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावून बसत, इतकंच. हौसाबाईंच्या मुळ्याचा वास त्यांना आला नाही. शेजारी एकजण लसणाच्या पेंड्या विकायची, तिचाही नाही. आम्ही बौद्धवस्तीतले. शेटना वास नेमका कशाचा येत होता हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि आता मला विचारायची गरज वाटत नाही.

अशात शूटिंगवाले आले. भोरला शूटिंगवाल्यांची नवलाई नाही, वाड्यासाठी ते येतच असतात. पण ह्यांना वाडा झाल्यावर बाजारही हवा होता. जुन्या काळातला. त्यांचा एक असिस्टंट, उन्हात गॉगल आणि सावलीतही गॉगल, मामाच्या स्टुडिओत आला आणि भिंतीवर मी चिकटवलेले फोटो बघून थांबला. "हे कोणी काढले?" मामानं माझ्याकडं बोट दाखवलं. असिस्टंट माझ्याशी बोलला नाही. मामालाच म्हणाला, "आम्हाला रेफरन्सला लागतील. असतील तेवढे द्या. निगेटिव्हपण."

मी संध्याकाळी बाजारातून आले तेव्हा भिंत मोकळी होती. भिंतीवर चुन्याचे पोपडे तेवढे.

"मामा, माझे फोटो?"

"अगं, पिच्चरवाल्यांना दिले. आपल्या भोरचं नाव हुईल."

"मला विचारलं का?"

"रोल कुणाचा होता?" मामा म्हणाला, आणि लगेच मवाळ झाला. "मोठी माणसं हायेत. उद्या स्टिलचं, शूटिंगच्या फोटोंचं काम आपल्याला द्यायचं म्हणाले."

स्टिलचं काम त्यांनी कुणालाही दिलं नाही. त्यांचा माणूस मुंबईहून आला होता. मामाला त्यांनी एक टोपी दिली. ती तो कितीतरी वर्षं घालत होता आणि दर वेळी ती बघून माझं डोकं तडकायचं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी असिस्टंट गल्लीत आला. बायकांना वाटलं, आपला बाजार, म्हणजे आपल्यालाच घेणार. कुणी पावडर लावून आलेली, कुणी सुनेची नथ मागून आणलेली. त्यानं ओळीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "काळ जुना आहे. नायलॉनच्या साड्या चालणार नाहीत. घड्याळं चालणार नाहीत."

हौसाबाई म्हणाल्या, "दादा, दात माझे जुनेच हायेत, ते तरी घ्या की."

सगळ्या हसल्या. तोही हसला, पण घेतलं नाही कुणालाच. आईच्या पोत्यापाशी येऊन त्यानं नाक मुरडलं. "आणि हे सुकट-बिकट तर नकोच. वास किती!"

"पडद्यावर वास येतो व्हय रं बाबा?" आईनं विचारलं.

तो पुढच्या पाटीकडं सरकला. मग दुपारी त्याच्या माणसांनी दगड उचलले. फ्रेममध्ये बरे दिसत नाहीत म्हणून. हातगाडीत घालून नदीच्या उतारावर नेऊन ओतले. आई, हौसाबाई आणि बाकीच्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. आम्ही का ओरडलो नाही, हे मला अजून समजत नाही. शूटिंग झाल्यावर परत आणून ठेवतील, असं प्रत्येकीनं गृहीत धरलं. त्या दगडांचा अर्थ भोरमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. परक्यालाही तो दिसत असेल असं आम्हाला वाटलं. ही आमची चूक. जे आपल्याला उघड दिसतं ते समोरच्यालाही दिसतं असं समजायची चूक शहाणी माणसंही करतात, पण किंमत आमच्यासारखे मोजतात.

दुसऱ्या दिवसापासून तिथं बाजार भरला. पुण्याहून आणलेल्या मुली, कोऱ्या नऊवारीत. पितळेच्या लखलखीत घागरी, त्या आमच्या बाजारात कुणी कधी आणल्या नाहीत. वांगी रंगवलेली, खोटी. आईच्या जागेवर झेंडूच्या राशीमागं एक गोरी मुलगी. पण बाकी सगळं माझ्या फोटोतलं. चिंचेला टेकवलेली सायकल माझ्या फोटोतली. न्हावी त्याच कोपऱ्यात, म्हातारा तसाच मान वाकवून. मी माणसं बघून बघून काढलेलं जे काही होतं, ते त्यांनी उचललं आणि तेवढी माणसं वगळली.

भोरला त्या दिवसांत एक नवीन शिस्त लागली. शिट्टी वाजली की गाव थांबायचं. "बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय!" असं कुणी ओरडलं की पाटील असो, मास्तर असो, सायकलवरचा दूधवाला असो, जो तो गुपचूप भिंतीला चिकटायचा. ज्या माणसांनी एसटीच्या रांगेत कधी कुणाला पुढं जाऊ दिलं नाही ती माणसं कॅमेऱ्याला वाट करून द्यायला शिकली. युनिट गेल्यावरही सवय राहिली. लग्नात मामानं कॅमेरा उचलला तरी पाहुणे दोन्ही बाजूंनी फाकायचे आणि मधे नवरा-नवरी एकटीच उरायची.

युनिट गेलं. दगड आले नाहीत. आले ते शेट. त्यांनी ओळीच्या जागेवर दोन खांब रोवून साखळी लावली आणि गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली उभ्या करायला सुरुवात केली. पुढच्या बाजारी बायका आल्या तर शेट दुकानातून हात जोडून म्हणाले, "शूटिंगच्या टायमाला कसं मोकळं दिसत होतं! सगळ्या गावानं वाखाणलं. तुमी आता स्टँडमागं बसा ना. तिकडं लई जागा आहे."

स्टँडमागं गटार होतं. आई तिथं बसली. ओल लागून सुकट मऊ पडायला लागली. डोंगरातली माणसं चिंचेखाली यायची, मोटारसायकली बघायची आणि दुसरीकडून घेऊन निघून जायची. आई संध्याकाळी पोतं जसंच्या तसं घरी आणायची आणि ते आपटायची. जिनं हमालाला कधी पोतं आपटू दिलं नाही, ती आपटायची.

माझे फोटो मला सापडले ते वाड्यामागच्या बोळात. शूटिंगवाल्यांनी टाकून दिलेल्या प्लायवूडच्या तुकड्यांत एक फळी होती, तिच्यावर खिळ्यांनी ठोकलेले. निगेटिव्ह नव्हत्या. फोटोंवर लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. ठेवायच्या वस्तूंभोवती गोल, काढायच्या माणसांवर फुली. घागर नव्हती तिथं बाण काढून 'घागर' लिहिलेलं. हौसाबाईंच्या तोंडावर फुली. आईच्या तोंडावर फुली, आणि शिवाय पोत्यावर वेगळी फुली.

मी ते फोटो घेऊन बाजाराची व्यवस्था बघणाऱ्या साहेबांकडं गेले. आई आणि हौसाबाई बरोबर होत्या. मला खात्री होती. ओळ होती, कोण कुठं बसत होतं, दगड कुठं होते, सगळं त्यात स्वच्छ दिसत होतं. साहेबांनी फोटो हातात घेतले, चष्मा वर केला आणि खूश झाले.

"अरे वा! शूटिंगचे फोटो!"

"नाही साहेब. आपल्या बाजाराचे आहेत. शूटिंगच्या आधीचे."

"असं कसं? त्यांच्या खुणा आहेत की ह्याच्यावर. आणि ही सायकल, हा न्हावी. मी स्वतः उभा राहून बघितलाय हा सीन."

"साहेब, ही माझी आई." मी फुलीवर बोट ठेवलं.

साहेबांनी आईकडं बघितलं. फोटोकडं बघितलं. "मावशींना पण घेतलं होतं का पिक्चरमध्ये? छान, छान. पण बाई, पिक्चरमध्ये बसलं म्हणून जागा आपली होत नाही. उद्या तिथं राजाचं काम करणारा येईल आणि वाडा मागेल." स्वतःच्याच विनोदावर ते हसले. शिपाईही हसला. "मूळ निगेटिव्ह आणा, मग बघू."

मूळ निगेटिव्ह कुणाच्या तरी पेटीत घालून मुंबईला गेल्या होत्या. मामाला म्हटलं पत्र टाक, तर म्हणाला, "दिलेलं परत मागायचं बरं दिसत न्हाई." मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही. रोल संपवायलाही गेले नाही.

आजही बाजारच्या दिवशी पुण्याहून गट येतात. स्ट्रीट फोटोग्राफी म्हणे. गळ्यात दोन दोन कॅमेरे, पायात डोंगर चढायचे बूट. वेल्ह्याला किल्ल्यावर जाताना वाट वाकडी करून भोर उरकतात. म्हातारीच्या सुरकुत्यांच्या तोंडाशी भिंग नेतात आणि तिचं नावही विचारत नाहीत. माझं फोटो-झेरॉक्सचं दुकान स्टँडसमोर आहे, तिथं ते बॅटरी चार्ज करायला येतात आणि फोटो दाखवतात. किती अस्सल, म्हणतात. मी विचारते, "ही बाई काय विकते?" त्यांना सांगता येत नाही. मी चार्जिंगचे पैसे दुप्पट घेते.

तेव्हा, साहेबांकडं जाऊन आल्यावर महिन्याभरानं, एका बाजारी आईनं पहाटे जवळा भाजला नाही. चहा घेतला, पोतं डोक्यावर घेतलं आणि मला म्हणाली, "कॅमेरा घे."

"त्यात रोल नाही. मामा देत नाही."

"रोल तुला कोण मागतंय? कॅमेरा घे म्हनलं."

गल्लीत गेलो. दुकान नुकतं उघडलं होतं, मोटारसायकली अजून लागल्या नव्हत्या. आईनं एका बाजूनं साखळी काढली, खाली टाकली, चिंचेखाली पोतं पसरलं आणि मोकळ्या जमिनीवर मांडी घातली. मला म्हणाली, "तिकडं समोर हो. डोळ्याला लाव. आन् मी सांगंपतोर काढू नको."

शेट पायऱ्या उतरून आले. "ओ बाई, हे काय? उठा, उठा."

आईनं मान वर केली नाही. बोंबील मांडत म्हणाली, "शेट, बाजूला व्हा. फ्रेममधी येताय."

शेट थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कॅमेरा डोळ्याला लावून एक गुडघा टेकला होता, त्या मुंबईच्या स्टिलवाल्यासारखा. शेटनी टोपी सारखी केली आणि, मी शपथेवर सांगते, दोन पावलं मागं सरून भिंतीला टेकले. रस्त्यानं येणारा दूधवाला सायकलवरून उतरला. मास्तर थांबले. कुणीतरी विचारलं, "परत शूटिंग?" आणि कुणीतरी त्याला दबक्या आवाजात म्हणालं, "गप, आवाज जातोय."

हौसाबाई स्टँडमागून माळव्याची पाटी घेऊन आल्या आणि आईशेजारी बसल्या. मग लसणाच्या पेंड्यावाली आली. मग मिरच्या. एक एक करत ओळ आपल्या जागी बसली. दगड नव्हते, पण कुणाची जागा चुकली नाही. हौसाबाई माझ्याकडं न बघता ओठ न हलवता म्हणाल्या, "माझं घड्याळ काढू का गं?"

"काही काढू नका," मी म्हटलं.

शेटनी दोनदा विचारलं, "किती वेळ चालणार?" आईनं एकदाच सांगितलं, "अजून सीन व्हायचाय." ते दुकानाच्या दारात उभे राहिले आणि आमच्याकडं बघताना चेहरा दगडासारखा केला, कारण न जाणो, तेही त्यात येत असतील. डोंगरातली माणसं आली. त्यांना शूटिंगचं काही माहीत नव्हतं. ती सरळ चिंचेखाली आली आणि म्हणाली, "गेल्या बाजारी कुठं व्हतीस, बाई?" आई सुकट मापायला लागली.

ऊन वर आलं. माझा दंड भरून आला, डोळ्यात घाम उतरला. हात बदलून मी कॅमेरा धरून ठेवला. तेवढ्यात मामा धावत आला, टोपी घालून. कुणीतरी त्याला सांगितलं असावं. त्यानं एकदा गल्लीवर नजर टाकली आणि त्याच्या सगळं ध्यानात आलं. फोटो त्याला कळायचे, हे कबूल केलं पाहिजे. वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "अगं, काय जमलंय! रोल आणलाय मी. दे हिकडं, टाकून देतो. दोन मिनटं."

रोल टाकायचा म्हणजे कॅमेरा खाली घ्यायचा, मागचं झाकण उघडायचं. दोन मिनिटं गावाच्या डोळ्यांदेखत. शेट बघत होते. आई मापत होती.

"नको," मी म्हटलं. "लांब हो, मामा. फ्रेममध्ये येतोयस."